नाक्यावरचा नत्थू

केशवराव: ...म्हणून म्हणतो नत्थू, आज नाका सोड. आज तू वाढपी. समझा?

पंचफुला: मास्तर, आंदी चहा घ्या, थंडा होऊन राहिला. अन् हे वाढपी काय असते? त्याईले म्याचले नेता का पंगतीले?

केशवराव: पंगतच समज, पोरी. चार वर्षं झाली, तुझा नवरा माझ्या टीममध्ये खेळून राहिला. त्याचं काम काय आहे ते तुला माहीत नाही?

पंचफुला: मले एवढंच माहीत. बॉलमागं पळतात, गुडघे फोडून येतात, अन् हळद मी लावते. कोणी हरलं म्हणते, कोणी जिकलं म्हणते. गुडघे दोन्हीकडून फुटते.

नत्थू: पंचफुला, त्याईले बोलू दे.

केशवराव: तिला समजलं पाहिजे बे. आज तिच्याही नशिबाचा प्रश्न आहे. बघ पोरी, आमच्या जमान्यात मैदानाच्या मधे तीन हाफबॅक असायचे, एका ओळीत, तिघंही एकसारखे. आता चार मागं, तीन मधे, तीन पुढं. जर्मनीत दोन वर्षांमागं वर्ल्ड कप झाला, त्याचे फोटो मी पेपरात पाहिले, तिथं सगळे असेच. अन् ते मधले तीन एकसारखे असून चालत नाही. प्रत्येकाचा धंदा वेगळा. पहिला नाकेदार. जकात नाक्यावर असतो ना, ट्रक आला की दांडा खाली? तो. आपल्या बॅकच्या पुढं उभं राहायचं, आला त्याला अडवायचं, बॉल काढून घ्यायचा, शेजारच्याला द्यायचा, पुन्हा नाक्यावर. तो म्हणजे हा नत्थू. दुसरा हरकारा. ह्या गोलपासून त्या गोलपर्यंत सत्तर मिनिटं पळणारा. तो आपला सुखदेव, त्याच्या छातीत फेफडं नाही, लोहाराचा भाता आहे. अन् तिसरा वाढपी. वाढपी पळत नाही. मान वर करून तो अख्खी पंगत पाहतो. त्या टोकाला कोणाच्या पानात भाजी नाही, हे त्याला ह्या टोकावरून दिसतं, अन् इथूनच वाढतो. साठ हातांवरून, नेमकं पानात.

पंचफुला: तो गोविंदाभाऊ.

केशवराव: शाब्बास. अन् गोविंदाला झाली कावीळ. काल मेडिकलच्या दवाखान्यात भरती केलं. डोळे पाहवत नव्हते.

नत्थू: सुखदेवले करा ना वाढपी.

केशवराव: हरकाऱ्याला? तो वरणाची बादली घेऊनच धावत सुटेल. लोक कोरडा भात घेऊन बसतील.

नत्थू: मंग तो तुमचा चौथा... मागून येनारा...

केशवराव: उशिरा येणारा पाहुणा? तो प्रकारच न्यारा. सगळे बसले, दार ओढलं, अन् हा मागच्या बाजूनं हळूच घुसतो गोल मारायला. तसला मी आयुष्यात एक पाहिला, तो नोकरीसाठी भिलाईला गेला. आपल्याकडं तसला नाही. तू विषय बदलू नको.

नत्थू: नाही जी. मी म्हणतो, मले नाक्यावरच राहू द्या.

केशवराव: आज रेल्वेचे साहेब येऊन राहिले, नत्थू.

पंचफुला: कोणते साहेब?

केशवराव: खेळाडू निवडणारे. दोन जागा आहेत, शिपायाच्या, पक्क्या. वयाची अट पंचवीस. ह्याचं पंचवीस कधी भरतं?

पंचफुला: बावीस जूनले. शाळेच्या दाखल्यावर हाच दिवस आहे.

केशवराव: म्हणजे पुढच्या साली नाही. हीच एक म्याच. मागच्या साली ते आले होते. कामठीच्या पोरांविरुद्ध ह्यानं त्या दिवशी सतरा बॉल अडवले. सतरा, मी स्वतः मोजले. म्याच संपल्यावर साहेबांनी मला विचारलं, तुमचा सहा नंबरचा पोरगा आज आला नव्हता का?

पंचफुला: आले होते ना हे.

केशवराव: तेच तर. नाकेदार कोणालाच दिसत नाही. नाका बंद असला की शहरात काही घडतच नाही, मग पाहणारा काय पाहील? वाढपी दिसतो. एक बॉल साठ हातांवर नेमका पडला की लोक उभे राहतात. तुझ्या पायात तो बॉल आहे, मी सरावात पाहिलाय. पण तू देतोस सदा दहा हातांवर. आज दे. धोंडबा उजव्या कडेला लाइनीवर मोकळा राहील. मान वर कर, त्याला पाहा, अन् वाढ. बस.

नत्थू: चहा थंडा झाला जी तुमचा.

केशवराव: काय झालं?

नत्थू: काही नाही जी.

केशवराव: भिऊ नको. तीन वाजता मैदानावर ये. अन् पोरी, ह्याला आज जास्त जेवू घालू नको. चलतो. जय भीम.

पंचफुला: जय भीम, मास्तर. या कवाबी.

० ० ०

पंचफुला: अवो. गेले ते. आता बोला.

नत्थू: काय बोलू?

पंचफुला: तोंड पाहा आरशात. पक्की नोकरी दारात आली, अन् तुमी अशे बसले जसं कोनी गेलं. नंदनवन कॉलनीत दुसऱ्याच्या माड्या उभ्या करता, पाऊस आला की काम बंद, ठेकेदाराची मर्जी फिरली की काम बंद. रेल्वेत पाऊस पडला तरी पगार होते ना?

नत्थू: होते.

पंचफुला: मंग?

नत्थू: मले नाही जमत ते वाढप्याचं.

पंचफुला: मास्तर म्हणते जमते. बॉल पायात आहे म्हणते.

नत्थू: बॉल पायात आहे. तो धाडाचा कुठं?

पंचफुला: धोंडबाकडं. मले समजलं, मी फुटबॉल पाह्यला नाही तरी.

नत्थू: धोंडबा कुठं आहे, ते मले दिसत नाही.

पंचफुला: म्हणजे?

नत्थू: म्हणजे दिसत नाही वं. तिथवर माही नजर जात नाही. तिकडं कोनी तरी उभं आहे एवढं दिसते. आपला आहे का त्याईचा, ते समजत नाही. मैदानाच्या पलीकडं सारं पाण्यात पाह्यल्यासारखं.

पंचफुला: थट्टा करून राहिले का?

नत्थू: नाही.

पंचफुला: थांबा. मंग मागच्या दसऱ्याले, दीक्षाभूमीवर. मी पाण्याच्या टाकीपाशी उभी होती, हात हालवून राहिली होती, अन् तुमी माह्याकडं सरळ पाहून दुसरीकडं निघून गेले. मले वाटलं, सकाळी माही माय लुगड्यावरून बोलली, तिचा राग माह्यावर काढून राहिले. तीन दिवस मी तुमच्याशी धड बोलली नाही.

नत्थू: मले तू दिसलीच नव्हती.

पंचफुला: अन् मौद्याच्या बसस्टँडवर माह्या मामाले जय भीम नाही केला तुमी. आजवर तो म्हणते, जावई मोठ्या नाकाचा आहे.

नत्थू: त्याईनं आंदी बोलाचं ना. आवाजानं ओळखतो मी.

पंचफुला: चार वर्षं झाली लग्नाले. चार वर्षांत एक डाव बोलले नाही. काहून?

नत्थू: बोललो असतो त तू चष्मा घ्या म्हटलं असतं.

पंचफुला: म्हटलंच असतं.

नत्थू: चष्मा घेतला की सारे पाहतात. ठेकेदार चष्मेवाल्याले वर चढू देत नाही, खाली माती उचलाले लावते, रोजी कमी. अन् रेल्वेत त डोळेच पाहतात पहिले. कोन घेईन चष्मेवाल्याले? मास्तर पहिल्यापासून म्हणत होते, नत्थू, तुले रेल्वेत लावतो. म्हणून चूप राहिलो.

पंचफुला: मंग इतके दिवस खेळले कसे?

नत्थू: नाक्यावर दूरचं पाहाचं कामच नाही. जो येते तो जवळ येते. जवळ आला की मले सारं दिसते.

पंचफुला: आत्ता जा अन् मास्तरले सांगा. चौकापर्यंतच गेले असन.

नत्थू: नाही.

पंचफुला: मी सांगते.

नत्थू: नाही म्हटलं ना. आज सांगतलं त ते मले बाहेर बसवन, दुसऱ्या कोनाले उतरवन, अन् साहेब त्याले घेऊन जाईन. धोंडबा शीळ घालते, त्याची शीळ मले ओळखू येते. आवाजावर वाढीन.

पंचफुला: अन् नाही जमलं त?

नत्थू: जमन.

पंचफुला: माह्याकडं पाहून सांगा.

नत्थू: तू कोनाले सांगू नको. शपथ आहे तुले.

पंचफुला: शपथ नका घालू मले. मी येते मैदानावर.

नत्थू: कवा आली नाही, अन् आजच येतं?

पंचफुला: आजच येते. घरी बसून काय करू?

० ० ०

(हाफ टाइम. मैदानाच्या कडेला, कडूलिंबाखाली.)

केशवराव: तीन! तीन बॉल तू त्यांच्या माणसाला नेऊन दिले. अन् तिसऱ्यावर गोल झाला. तू दिला तो गोल, कामठीवाल्यांनी फक्त उचलून आत ठेवला.

नत्थू: चुकलं जी.

केशवराव: चूक एकदा होते बे. धोंडबा लाइनीवर एकटा उभा, हात वर, गळा फाडून ओरडून राहिला. त्याच्यापासून वीस हात आत त्यांचा तो उंच पोरगा. अन् तू मान वर करून, नीट पाहून, बॉल त्या उंच पोराला. आपला लाल, त्यांचा कत्थई. तू काय पाहून राहिला होता?

नत्थू: शीळ आइकली मी.

केशवराव: कोणाची शीळ?

नत्थू: धोंडबाची. मंग लोकायतूनबी कोनी तरी शीळ मारली, त्याच्यात घोटाळा झाला.

केशवराव: शिळेवर कोण बॉल देतो? तू कबूतर उडवून राहिला का? साहेब तिथं खुर्चीवर बसले आहेत, हातात कागद आहे. तिसऱ्या बॉलवर त्यांनी कागदावर काय लिहिलं माहीत आहे? काही नाही लिहिलं. पेनचं टोपण लावलं.

पंचफुला: मास्तर.

केशवराव: पोरी, तू आत्ता मधे येऊ नको.

पंचफुला: मी मधे येतच नाही. अवो, तुमी सांगता का मी सांगू?

नत्थू: पंचफुला...

पंचफुला: मी दहापर्यंत मोजते.

नत्थू: मास्तर, मले दिसत नाही.

केशवराव: काय दिसत नाही?

नत्थू: दूरचं. तिकडची बाजू. धोंडबा कुठं आहे, अन् तो उंच पोरगा कुठं आहे. लाल का कत्थई, तेबी नाही समजत. तिकडं दोन्ही मातीसारखेच.

केशवराव: ऊन डोळ्यावर येऊन राहिलं असेल.

नत्थू: ऊन नाही जी. चार वर्षांपासून असंच आहे. त्याच्या आंदीपासूनही.

केशवराव: म्हणजे माझ्या टीममध्ये आलास तेव्हा...

नत्थू: तवाबी.

केशवराव: अन् ते दहा हातांवर बॉल देणं?

नत्थू: दहा हातांवरचा मानूस दिसते मले. म्हणून त्यालेच देतो.

पंचफुला: मास्तर, पानी घ्या.

केशवराव: मी पोरांना काय शिकवून राहिलो माहीत आहे? रोज सकाळी मैदानावर उभं करून सांगतो, नत्थूकडं पाहा. नत्थू कधी मान वर करत नाही, त्याला गरजच नाही. खरा नाकेदार पुढचं पाहत नाही, साधं खेळतो, जवळ देतो. वीस पोरांना मी मान खाली घालून खेळायला लावलं. अन् तुला दिसतच नव्हतं.

नत्थू: तुमी खुश होत होते जी. मले वाटलं, चालते.

केशवराव: मग सतरा बॉल? ते कसे अडवले?

नत्थू: बॉल नाही पाहत मी. मानूस जवळ आला की त्याची कंबर पाहतो. ज्याले उजवीकडं जायचं असते, त्याची कंबर एक घडी आंदी डावीकडं जाते. अन् पायाचा आवाज आइकतो. दौडता दौडता पाय हलका पडला की समजते, आता हा बॉल देते.

केशवराव: हे मी तुला शिकवलं नाही.

नत्थू: नाही जी.

केशवराव: हे मला कोणी सांगितलंही नाही कधी. पस्तीस वर्षं झाली मैदानावर... चार वर्षं मी तुलाच पाहून राहिलो, अन् माझ्या एवढं ध्यानात आलं नाही. चष्मा काहून नाही घेतला लेका?

नत्थू: रेल्वेत घेत नाही ना चष्मेवाल्याले.

केशवराव: कोण म्हणालं?

नत्थू: सारेच म्हणते.

केशवराव: मी तीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपात घालवली, मला विचारायचं होतं. गाडी चालवणाऱ्याला, गार्डाला कडक असते डोळ्यांची परीक्षा. शिपायाला, क्लार्काला चष्म्यानं चालायचं. आमच्या टाइम ऑफिसात निम्मे चष्मेवाले होते.

नत्थू: चालते?

केशवराव: माझ्या वेळी तरी चालायचं.

नत्थू: मंग मी चार वर्षं फुकटच...

पंचफुला: आता रडू नका. इथं सारे पाहून राहिले.

नत्थू: रडत नाही वं. मले हासू येऊन राहिलं, अन् हासताबी येत नाही.

केशवराव: ऐक. टाइम थोडा आहे. दुसऱ्या हाफमध्ये तू नाक्यावर. तुझ्या जागेवर.

नत्थू: अन् वाढपी?

केशवराव: कोणी नाही. ज्यानं त्यानं आपल्या हातानं वाढून घ्यावं.

नत्थू: मंग साहेबाले मी दिसनार नाही, मास्तर. मागच्या सालासारखंच होईन.

केशवराव: मी त्यांच्या बाजूला जाऊन बसतो. सांगतो, साहेब, पाच मिनिटं बॉलकडं पाहू नका. फक्त सहा नंबरकडं पाहा. माझ्यासाठी पाच मिनिटं.

पंचफुला: अन् डोळ्याचं?

केशवराव: ते त्यांनी विचारलं नाही तर आपण काहून सांगायचं? आधी नाव तर लागू दे.

नत्थू: सांगा जी.

केशवराव: काय बोलून राहिलास? सांगितलं तर तिथंच नाव कटू शकतं. मी म्हणालो चालायचं, ते माझ्या वेळी. आताचा नियम मला पक्का माहीत नाही.

नत्थू: माहीत नाही म्हणूनच सांगा. उद्या डाक्टरनं पकडलं त साहेब म्हणन, केशवरावनं माल झाकून देला. मंग धोंडबाले कोन घेईन? सुखदेवले? तुमच्या शब्दावर पोरं लागतात जी नोकरीले.

केशवराव: तू माझी फिकीर करू नको.

नत्थू: तुमची नाही, माहीच आहे. आता हाफ टाइमपर्यंत मी जसा खेळलो ना, तसं मले पुन्हा नाही खेळता येत. दिसाचं नाही, अन् तोंडानं हाव म्हणाचं. एवढा भ्यालो मी आज, तेवढा माडीच्या फळीवरूनबी कवा भ्यालो नाही.

पंचफुला: मले त वाटते, सांगूनच टाका. जे होईन ते होईन. पण मास्तर, चांगल्या शब्दात सांगजा.

केशवराव: चांगले शब्द कुठून आणू? चला, शिट्टी झाली. नत्थू, नाक्यावर जा.

० ० ०

पंचफुला: हरले ना?

नत्थू: एकानं हरलो. तोच एक, माहा.

पंचफुला: दुसऱ्या टाइमले एकही झाला नाही. मी पाह्यलं. तो उंच पोरगा चार डाव तुमच्याजवळ आला, अन् चारी डाव बॉल तुमच्याकडं राह्यला. पाचव्या डावी तो तुमच्या बाजूनं आलाच नाही, दुसरीकडून गेला.

नत्थू: तुले समजलं?

पंचफुला: कंबर पाह्यली मी त्याची. तुमी सांगतलं तशी.

नत्थू: मास्तर काहून येऊन नाही राहिले? इतका वेळ काय बोलतात?

पंचफुला: येऊन राहिले. साहेबाले मोटारपर्यंत सोडलं, आता इकडंच येतात.

नत्थू: चालतात कसे?

पंचफुला: हळू.

नत्थू: मंग गेली जागा.

पंचफुला: म्हातारा मानूस हळूच चालते. जरा दम धरा. मास्तर, बसा इथं पायरीवर. घाम पुसा. आता सांगा एकदाचं.

केशवराव: सांगतो. एक जागा त्या उंच पोराला गेली.

नत्थू: जाईनच. चांगला आहे तो.

केशवराव: दुसरी जागा अजून कोणाची नाही. तू आहेस, अन् काल साहेबांनी पाहिलेला मोहननगरच्या टीमचा गोलकीपर आहे. पहिली दहा मिनिटं साहेब काहीच बोलले नाहीत. मग मला म्हणाले, हा पोरगा बॉल यायच्या आधी तिथं जाऊन उभा कसा राहतो? मी म्हणालो, साहेब, त्याला बॉल दिसत नाही.

पंचफुला: असं सांगतलं?

केशवराव: मग काय करू? दुसरं तोंडातून निघालं नाही.

नत्थू: हासले का ते?

केशवराव: नाही. सिगारेट ओढून राहिले होते, ती विझवली, अन् म्हणाले, सगळं सांगा. मी सगळं सांगितलं. मान खाली घालायला लावली तेही सांगितलं. ते लाजिरवाणं होतं, पण सांगितलं.

नत्थू: अन् मंग?

केशवराव: म्हणाले, खेळाचं मी पाहिलं, डोळ्यांचं डॉक्टर पाहतील. शिपायाच्या जागेला चष्मा लावून नजर बरोबर येत असेल तर चालतं, आजही चालतं. पण एक अडचण आहे. नंबर एका जागी थांबलेला पाहिजे. साल दर साल चढून राहिला असेल तर घेत नाहीत. म्हणतात, आज घेतला अन् पाच वर्षांनी कामाचा राहिला नाही, तर काय करायचं? मंगळवारी मेडिकलला जा, डोळ्यांच्या डॉक्टरकडं. ते विचारतील, कधीपासून असं आहे, अन् वाढलं का. तू कधी तपासलंच नाही, म्हणजे जुना कागद नाही. तुझ्या सांगण्यावरच राहील थोडंबहुत.

नत्थू: वाढलं नाही म्हटलं की झालं ना?

केशवराव: म्हणशील तर होईल. पण नत्थू, तुला माहीत असेल तेच म्हण. आज एवढं खरं बोललो आपण, आता दोन दिवसांसाठी बिघडवू नको. मी जातो, पोरं थांबली आहेत तिकडं. त्यांना सांगतो, उद्यापासून मान वर.

पंचफुला: मास्तर, जेवाले या घरी. मंगळवारी काहीही झालं तरी.

केशवराव: येतो, पोरी. चलतो नत्थू. गुडघ्याला हळद लाव.

० ० ०

पंचफुला: हळू चाला. लंगडून राहिले तुमी.

नत्थू: मंगळवार कधी येते वं?

पंचफुला: आज रविवार आहे. येईन. आता मले सांगा, डाक्टरनं विचारलं कवापासून, त काय सांगसान?

नत्थू: शाळेत असतानापासून. फळ्यावरचं दिसे नाही. मागं बसवत मले, मंग काय दिसन? नाव काढलं तवा सहावीत होतो.

पंचफुला: तवापासून वाढलं का?

नत्थू: नाही वाटत.

पंचफुला: वाटून चालत नाही. डाक्टर म्हणन, वाटते म्हणजे काय? काही माप आहे का तुमच्याजवळ? तुमी डोळे तपासाचा भिंतीवरचा कागद त कवा वाचला नाही. वाढलं असन त तसं सांगा. मले आत्ताच समजू द्या. मंगळवारपर्यंत मी अशी नाही राहू शकत.

नत्थू: एक माप आहे.

पंचफुला: कोनतं?

नत्थू: आपल्या लग्नात भंतेजीनं तुले हार घेऊन पुढं ये म्हटलं. मांडवात सारे म्हणत, नवरी हासून राहिली. मले नुसती पांढरी साडी दिसे. मी भ्यालो, मनात म्हटलं, कोन येऊन राहिलं? सहा पावलं राह्यली, तवा तुहं तोंड दिसलं.

पंचफुला: अन् हासत होती का मी?

नत्थू: नाही. तूबी भ्यालेली होती.

पंचफुला: मंग त्याचं माप कसं होईन? ते त चार वर्षांमागचं झालं.

नत्थू: रोज सांजेले कामावरून येतो, तवा तू दारात उभी राहतं. गल्लीच्या तोंडापासून मी पाहत येतो, आज कुठं दिसते तुहं तोंड. भीतीच्या मारे रोज मोजतो.

पंचफुला: रोज?

नत्थू: एक दिवस चुकला नाही.

पंचफुला: अन् किती होते?

नत्थू: सहाच होते वं. कालबी सहाच होते.